व्याह्यांच्या काळजाची बातमी

आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या कुवेतात सापडायचा नाही. आणि इथं कोकणातली एवढी माणसं असताना मी हे म्हणते, यावरून काय ते समजा. हे सूनबाईचे वडील. बायको गेल्यावर गाव सोडून इथं कुवेतात, मंगफ भागात, लेकीकडे आले. मी मुलाकडे आधीपासून होतेच. एकाच फ्लॅटमध्ये विहीण आणि व्याही, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आमटी आधी हुंगतात, मग चाखतात, मग "आमच्याकडे अशी करत नाहीत" म्हणतात आणि दोन वाट्या संपवतात. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन असलं तरी एसी बंद करून पंखा लावतात. का, तर "गार हवेनं माणूस नासतो." फ्रीजबाहेरचंच नासतं, हे त्यांना कोण सांगणार?

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मल्याळी सिस्टरनं समजावलं ते मला नीट कळलं. ते यंत्र काळजाची बातमी अंगातूनच मनगटापर्यंत पाठवतं. वेगळी तार नाही, आपलं मांस आणि कातडी हीच तार. मनगटाला पट्टा बांधायचा, म्हणजे बातमी तिथून सुनेच्या फोनवर आणि दवाखान्यात जाते. रोज एकदा तरी जायलाच हवी. ठोके चुकायला लागले तर आधी कळतं, नाहीतर माणूस एकदम कोसळतो. "आणि बातमी जात असताना कुणाचा हात धरू नका," सिस्टर म्हणाली, "बातमी दुसऱ्याच्या अंगातही शिरते."

झालं! व्याह्यांनी हात मिळवणंच सोडलं. खालच्या बकाल्याचा, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचा, मालक सलाम करून हात पुढे करी, तर हे मागे सरून नमस्कार करीत. बिचाऱ्याला वाटलं, आपण उधारी मागतोय असा यांचा समज झाला की काय. लिफ्टमध्ये तर सोवळ्यातल्यासारखे अंग चोरून उभे.

तेही मी सोसलं. पण एकदा सुनेचा ऑफिसातून फोन आला, "बाबा, ठोके एवढे का वाढलेत? जिना चढलात ना?" चढले होते. लिफ्ट चालू होती, पण हट्ट! व्याह्यांनी पट्टा सोडून कपाटात टाकला. "काळीज माझं आणि चुगली पोरीकडे? मी काय म्हैस आहे, गळ्यात नाही तर हातात दावं बांधायला?" सून रडली, मुलानं समजावलं. नाही म्हणजे नाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. स्वतःच्या हट्टापायी लेकीच्या घरात कोसळायचं आणि तिच्या जिवाला जन्माचा घोर लावायचा, ही कुठली रीत? सिस्टरचं बोलणं मला आठवलं. संध्याकाळी कपाटातून पट्टा काढला, माझ्याच मनगटाला बांधला आणि सोफ्यावर जाऊन त्यांचा हात गच्च धरला. व्याह्यांचा हात! आमच्या गावात विहीण व्याह्यांपुढे पदरसुद्धा ढळू देत नाही.

"अहो विहीणबाई, लोक काय म्हणतील?"

"मेलात तर चार दिवस चांगलं म्हणतील. तेवढ्यासाठी मरू नका. गप्प बसा."

पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. आत सुनेचा फोन वाजला आणि ती धावत बाहेर आली. आम्हां दोघांना तसं बसलेलं बघून हसावं की रडावं, तिला कळेना.

आता रोज संध्याकाळी ते स्वतःच हात पुढे करतात. वर म्हणतात, "पट्टा बांधणार नाही म्हणालो होतो, हात देणार नाही असं कुठं म्हणालो?" मग गेलेल्या बायकोच्या त्याच त्या गोष्टी सांगत बसतात आणि सांगता सांगता त्यांचा डोळा लागतो. हिरवा दिवा लागून बराच वेळ झालेला असतो, बातमी कधीच पोचलेली असते. तरी मी हात सोडवून घेत नाही. जागे झाले तर पुन्हा बोलायला लागतील.