शिसेबाई

विद्यापीठात त्यांचं खरं नाव बहुधा पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. आम्ही विद्यार्थी त्यांना शिसेबाई म्हणायचो, कारण शिशाशी त्यांचं हाडवैर होतं. आमचा गट अशनींचा, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचा अभ्यास करायचा. दगडातल्या शिशाचे प्रकार मोजले की ग्रह कधी जन्माला आले ते कळतं. पण बाहेरच्या शिशाचा कण जरी मिसळला, तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाई प्रयोगशाळेच्या दारातच झडती घेत. बांगड्या काढा, पावडर पुसा, कुंकू धुऊन या. त्यांचं स्वतःचं कपाळही कायम कोरं. नव्या मुली त्यांना विधवा समजून हळहळत, आणि दुपारी यजमान डबा घेऊन हजर झाले की ओशाळत.

दुसरा हट्ट रिकाम्या भांड्याचा. दगड विरघळवण्याआधी तेच आम्ल रिकाम्या भांड्यात घालायचं आणि त्यातलं शिसं मोजायचं, म्हणजे आपल्या हातून किती घाण गेली ते समजतं. "दगडाला काय विचारता? आधी स्वतःचं मोजा," असं त्या खेकसत. मी कित्येक आठवडे नुसती रिकामी भांडी मोजत होते. घरी काय सांगायचं, हाच प्रश्न असे.

बाई मूळच्या खोडाळ्याच्या. तिथल्या बाजारात वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं, पुढे ते भाऊ चालवू लागला. "लहानपणी शेंदराच्या पुड्या बांधून माझी बोटं लाल असायची," हे त्या गंमत म्हणून सांगत. एकदा शिमग्याच्या सुमारास भावाचा फोन आला. "ताई, दिवाळीत इथल्या पाड्यावर आभाळातनं देव पडलाय. आता जत्रा भरते. शेंदूर पुरत नाही मला!"

बाई हरखल्या. ताजा अशनी, तोही आपल्या गावाकडे! मग तोंड उतरलं. "शेंदूर म्हणजे शिसंच की गं. नासवला दगड."

आम्ही दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेलो. कुडाच्या घरात तो दगड शेंदराने माखून बसला होता. घरातली बाई त्याच्यावर पाणी ओतून ते लाल पाणी पेल्यात धरत होती. बाजूला तिची लहानगी मान टाकून पडली होती.

"पोरीला बरा नाय, बाय," ती म्हणाली. "पोट दुखं तिचा. देवाचा पानी रोज पाजते, तरी झटके येतात."

बाईंनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. ज्या दगडासाठी आलो होतो, त्याच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पोरीला आणि आईला गाडीत घेतलं. मोखाड्याच्या दवाखान्यातून नाशिकला पाठवलं. घाटातच पोर गेली, आईच्या मांडीवर. रक्ताचा अहवाल नंतर आला, त्यात शिसं होतं. बाईंना तो वाचायची गरज नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर त्या मला घेऊन पुन्हा पाड्यावर गेल्या. बापाने दगड पोत्यात भरून समोर आणून टाकला. "न्या ह्याला. ह्यानं आमची पोर खाल्ली."

पोतं उचलून गप्प निघता आलं असतं. बाई खाली बसल्या. "दगडानं नाही, दादा. शेंदरानं. त्यात विष असतं. आणि तो शेंदूर आमच्याच दुकानातला."

दारात उभी असलेली आई म्हणाली, "तुला ठावा व्हता, बाय?"

"हो."

"मंग सांगला का नाय?"

बाईंचा तेव्हाचा चेहरा मला आजही बघवत नाही.

दगड आतून स्वच्छ निघाला. वयही उत्तम मिळालं, पृथ्वीहून जुनं. शोधनिबंधावरून बाईंनी स्वतःचं नाव काढायला लावलं. भावाने शेंदूर ठेवायचं सोडलं नाही, तेव्हा त्याच्याशी बोलणं तुटलं. निवृत्तीनंतर त्या बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात, त्याच दुकानासमोर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना शेंदराबद्दल सांगत. काही जणी ऐकत, बऱ्याच जणी देवाला नावं ठेवणारी वेडी म्हणून पुढे जात. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या.

आता प्रयोगशाळेच्या दारात झडती मी घेते. शिसं कशाकशात असतं ते शिकवून झालं, की पोरं रिकाम्या भांड्याकडे हात नेतात. मी त्यांना थांबवते आणि बाई शेवटी शेवटी प्रत्येकाला जे विचारायच्या, तेच विचारते.

"हे घरी सांगितलंस का?"