तुरटीचं पाणी

माझं माहेर गोंदियाकडं, भातशेतीच्या मुलखात. सातवीतून शाळा सुटली, पुढं लग्न होऊन परंड्याला आले. इथं माझं म्हणावं असं माणूस नव्हतं. त्यामुळं खाली, योनीच्या तोंडाशी खाज सुटून चामडी पांढरी पडायला लागली, तेव्हा सांगणार कुणाला? दुकानातून मलम आणायचं, लावायचं, गप बसायचं.

शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण दुर्लक्ष केलंस तर पुढं होऊ शकतो. दाखवत राहा." तेवढ्यावर मी जगत होते. मग त्याच जागी एक गाठ आली, फुटली, अन् काही केल्या भरेना.

बाईंनी पुन्हा तुकडा घेतला. त्यात कॅन्सर दिसला नाही, तरी त्यांची खात्री पटेना. पू तपासायला पाठवला, तर त्यात जंतूही सापडेनात. "जंतू नसतील तर आतून काहीतरी वाढतंय. तो सगळा भाग काढावा लागेल," असं म्हणाल्या. तो सगळा भाग! मालक बाहेर फाटकापाशी उभे. बायकांचं दुखणं म्हणून आत कधी आलेच नाहीत.

जंतू का सापडत नव्हते, ते आज सांगते. सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो. तिथली सिस्टर रांगेतल्या बायांवर ओरडायची, "घरून धुवून यायला काय होतं गं तुम्हाला? वास मारतोय नुसता!" ते ऐकून सासूबाईंनी नियमच केला. निघायच्या दिवशी पहाटे कढत पाण्यात तुरटी टाकून द्यायच्या. "घासून धू. वरनं मलम लाव. परक्या माणसाला आपली घाण दाखवायची व्हय? घराचं नाव जाईल." आग आग व्हायची. मी दात आवळून घासायची. पू जायचा, वरचे जंतू जायचे, अन् डॉक्टरीणबाईंच्या हाती काय लागायचं? तुरटी.

ऑपरेशनचं ठरवायला गेले, तेव्हा त्यांनी बारकाईनं बघून विचारलं, "इथं पांढरं काय लागलंय?"

"मलम. धुवून लावलंय."

"कशानं धुतलंस?"

सांगितलं. बाईंनी हातमोजा काढून ठेवला. "दर वेळी?"

"व्हय. सिस्टर रागावतात."

सिस्टर खिडकीकडं बघायला लागली. बाई मला म्हणाल्या, "आठवडाभर तुरटी नाही, मलम नाही. अंगावर साधं पाणी घे, जखमेला हात लावू नकोस. अन् तशीच ये."

घरी सासूबाई म्हणाल्या, "तशीच जाती? लाज हाय का न्हाय?" मी तशीच गेले. बार्शीला गाडी बदलली, तर मागच्या बाकावरची एकजण दुसरीला म्हणाली, "कुणाच्या पिशवीत सुकट हाय का गं?" दोघी लई हसल्या. मी मांडीवर पिशवी दाबून सोलापूरपर्यंत बसले. हसू दे. मला माझं अंग वाचवायचं होतं.

बाईंनी या वेळी जखमेच्या आतून नमुना घेतला, प्रयोगशाळेत स्वतः फोन करून बजावलं की नमुना लवकर टाकून देऊ नका, जंतू वाढायला वेळ लागेल. जंतू निघाला. अशा जागी क्वचितच दिसणारा, हळू वाढणारा. पांढऱ्या चामडीला पडलेल्या चिरेतून आत गेला असावा, म्हणाल्या. कितीतरी महिने गोळ्या खाल्ल्या. जखम भरली. पांढरा डाग आहेच, त्याची धास्तीही आहे. तपासणी चुकवत नाही. पण कापलं नाही. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

जखम भरली असं कळलं त्या दिवशी घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"कापायचं न्हाय."

"बरं झालं बाई. कुणाला कळलं न्हाय."

माझा भाग राहिला, याचं नाही. कळलं नाही, याचं बरं वाटलं! मी अंगणात गेले, आईला फोन लावला अन् कुठं काय झालं होतं ते जागेचं नाव घेऊन, मोठ्यानं, पहिल्यापासून सांगितलं.

आई घाबरली. "हळू बोल नं बाई, बाजूला तुझे बाबा बसलेत."

"मग त्यांनाबी ऐकू दे," मी म्हणाले.