वर मागून घेतलेली पेटी

अकोल्याच्या रतनशेठनी मला फसवलं. मी त्यांना नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण बाजारात ते उलटं सांगत फिरतात — म्हणे अमरावतीच्या सिनेमावाल्यानं त्यांचा स्पीकर फुकटात लुबाडला.

दुसरं असं, की भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आम्ही धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा मी माझ्या हातानं काढला. बायकोच्या मावशीच्या अंगात यायचं, तिला सांगितलं, माझ्या उंबऱ्याच्या आत हे चालणार नाही. असा माणूस भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहितो आहे... लाज वाटते. पण राग त्याहून मोठा आहे.

धंदा माझा लाउडस्पीकरचा. लग्नात भोंगे बांधत बांधत उभा राहिलो, पाठीशी कोणी नव्हतं. पुढे वाटलं, ज्यांना आपल्याच बैठकीत सिनेमा पाहायचा आहे त्यांच्या घरी जाऊन तो दाखवावा. रतनशेठ जुनी यंत्रं विकायचे. त्यांच्याकडे एक छोटा प्रोजेक्टर आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर होता. दुपारभर भाव चालला. मी रागानं उठून गेलो, त्यांनी बोलावलं, पुन्हा उठलो. शेवटी माझ्याच भावात सौदा ठरला.

सौदा ठरला की वर काहीतरी मागायचं ही आमच्याकडची रीत. भाजीवर कोथिंबीर मागतात तशी. वर न घेता उठला तो हरला. कोपऱ्यात पोत्याखाली स्पीकरची एक लाकडी पेटी दिसली.

"ही वर द्या," मी म्हणालो.

मला वाटलं, आता भांडण होणार. शेठ नुसते पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमी मांगितली. मी देली नाई. ध्यानात ठेवा."

आणि मला बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. त्या दुकानात माझ्यासारख्याला त्याआधी कधी खुर्ची मिळाली नव्हती. तिथंच कळायला पाहिजे होतं.

घरी आणून जोडणीला बसलो. नामदेव, म्हणजे माझ्या बायकोचा — कमलचा — धाकटा भाऊ, माझ्याकडे ऑपरेटर होता. प्रोजेक्टरमधून अ‍ॅम्प्लिफायरला तार गेली होती, अ‍ॅम्प्लिफायरमधून पेटीला जायची बाकी होती. ती तार नामदेव दातांनी सोलत होता. तेवढ्यात पेटीतून आवाज आला —

"भाऊजी, पट्टा थांबवा."

आवाज नामदेवचा.

"काय म्हन्लं रे?" मी विचारलं.

त्यानं तोंडातली तार काढली. "मी काय म्हन्तो? तार खाऊन राहिलो ना मी."

"मंग कोन बोललं?"

"मले काय इचारता? पेटी तुमी आनली." तो हसत होता, पण तारेचं टोक त्यानं खाली ठेवलं.

प्रोजेक्टरला एक बारीक पट्टा असतो, तो मी तपासला. नवा बसवला. मग तार जोडली, रीळ लावलं. खणखणीत आवाज, कुठे खरखर नाही. पुढे परतवाड्याला एका वकिलांच्या बंगल्यात सामान मांडताना, तार जोडायच्या आत, पेटी पुन्हा तेच बोलली. तोच आवाज. नामदेव तेव्हा अंगणात पडदा बांधत होता, खिडकीतून मला दिसत होता, आणि त्याचे ओठ मिटलेले होते.

मी पेटी घेऊन अकोल्याला गेलो. शेठना एवढंच म्हणालो, "ही परत घ्या, कामाची नाई."

शेठनी गादीवरूनच विचारलं, "कोनाच्या आवाजात बोलली?"

पेटी बोलते, हे मी सांगितलंच नव्हतं.

मी गल्ल्यावर हात आपटला. वाटेल ते बोललो. ते म्हणाले, "मी इकलीच नाई तं वापस कशी घेऊ? मलेही कोनी वरच देली होती." आणि चोपडी उघडून हिशेब लिहू लागले.

परतीच्या वाटेवर पेटी फेकून देता आली असती. पण फेकली असती तर मावशी खरी आणि मी खोटा ठरलो असतो. नामदेवही म्हणाला, "राहू द्या भाऊजी. माह्याच आवाजात बोलते ना? मी काई वाईट नाई बोलत कोनाले." तार जोडलेली असली की ती गप्प असते हे लक्षात आलं होतं. म्हणून मी ती जोडूनच ठेवायचो.

नंतर अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांनी बोलावलं. हंगामाची पूजा झाली की मजुरांच्या बायका-पोरांना सिनेमा दाखवायचा होता, दिवसाच. गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. वीज त्यांच्याच डायनामोची. भिंतीपलीकडे इंजिन, आणि इंजिनावरून डायनामोला चामड्याचा रुंद पट्टा. तो पट्टा मी आल्या आल्या पाहिला होता... आणि काही बोललो नाही.

सिनेमा अर्ध्यावर आला आणि चित्र मंदावलं. नामदेव म्हणाला, "पट्टा सरकून राहिला वाटते. राळ लावाले सांगून येतो." आणि गेला. थोड्या वेळानं चित्र पुन्हा उजळलं.

तेव्हा ऐकू आलं — "भाऊजी, पट्टा थांबवा."

समोर एवढी माणसं बसलेली. पेटी चारचौघांत बोलायला लागली तर धंदा बुडालाच. मी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला.

मग दिवा विझला. पलीकडून लोक ओरडत आले. नामदेवच्या खांद्यावरचा दुपट्टा पट्ट्यात गेला होता. इंजिन बंद करेपर्यंत काही उरलं नव्हतं.

तो आवाज पेटीतून आला की भिंतीपलीकडून, मला आजही सांगता येत नाही. पुढे बसलेल्या बाया म्हणाल्या, आम्ही सिनेमाच ऐकला. कमलनं मला एकदाच विचारलं, "तुमाले आयकू आलं होतं काय?" मी पेटी फेकायला उचलली. पेटी तिनं फेकू दिली नाही. तिच्या भावाचा आवाज त्यात आहे म्हणते. दुपारी कामं आटोपली की पेटीजवळ जाऊन बसते. त्या दिवसापासून तार सुटी असूनही पेटी गप्प होती.

मागच्या आठवड्यात ती बोलली. "अहो, दार उघडा."

आवाज कमलचा होता. कमल माझ्यासमोर तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती.

घरातल्या सगळ्या कड्या आणि कोयंडे मी उपटून काढले आहेत. न्हाणीघराचं तर दारच काढलं, तिथं आता पोत्याचा पडदा आहे. शेजारी हसतात, हसू द्या. पण दारं फक्त घरातच असतात असं नाही, आणि तिला मी किती दिवस बाहेर पडू न देता ठेवू?

रतनशेठ, हे मासिक तुमच्या दुकानात येतं, मी पाहिलं आहे. कोणाच्या आवाजात, हे विचारायचं तुम्हाला सुचलं, म्हणजे तुमच्याही घरी ती कोणाच्या तरी आवाजात बोलली होती. तो माणूस वाचला का? वाचला असेल तर तुम्ही काय केलं? मला पेटीचा भाव नको, माफी नको. याचं उत्तर द्या. आणि लवकर द्या.