आजींना सोपवताना

पुलगावात माझ्या रक्ततपासणी केंद्राशेजारी डॉक्टरांचा दवाखाना होता. स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी ते तो तळहातावर उबदार करून घेत, माझा प्रत्येक अहवाल वाचून मात्र कोरडेपणाने विचारत, "खात्री आहे?"

प्रॅक्टिस बंद करून, आपले रुग्ण एका तरुण डॉक्टरांकडे सोपवून ते आफ्रिकेतल्या रुग्णालयात निघाले, तेव्हा हृदयविकाराच्या एका आजींनी औषधच सोडले. "तुमी चाल्ले, मंग मी जगून काय करू? तो नवा पोट्टा मले नाई पाह्यजे!"

डॉक्टर त्यांना स्वतः नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. अहवाल घेऊन मीही सोबत होते. तिथे ते रुग्णाच्या स्टुलावर बसले, बाही वर सारून म्हणाले, "आधी माझं बीपी पाहा."

आजींनी सगळे निरखले. "उठा आता, मले बसू द्या."

मग आजी नव्या डॉक्टरांना दुखणे सांगू लागल्या. दाराशी उभ्या असलेल्या जुन्या डॉक्टरांकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही.