रुक्माचा घण

खेमाच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. सांडशीत तापलेलं लोखंड पकडून तो ऐरणीवर टेकवी, तेव्हा बाकीची बोटं सांडशीला धरून असत आणि ती दोन तेवढी ताठ, बाहेर राहत. समोर घण घेऊन उभ्या असलेल्या रुक्माला लोखंडाच्या आधी ती बोटं दिसत. ती तिच्याच घणाखाली मोडली होती.

ही १९३७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. खेमा घिसाडी, म्हणजे फिरता लोहार. बैलगाडीत ऐरण, भाता, कोळशाची पोती आणि संसार घालून तो हट्ट्यापासून सेनगावापर्यंत हिंडे, गावाबाहेर एखाद्या लिंबाखाली भट्टी मांडी आणि शेतकऱ्यांचे फाळ, कुऱ्हाडी, विळे घडवून देई. त्यांच्यात नवरा सांडशी धरी आणि बायको घण मारी. नवरा लहान हातोडीने लोखंडावर जिथे टक करील तिथे बायकोचा घण पडायचा, आणि त्याने हातोडी आडवी टाकली की थांबायचं. मध्ये बोलणं नाही. खेमाची आई भिकाबाई रुक्माला बघायला गेली होती तेव्हा तिने पोरीचं तोंड नंतर पाहिलं. आधी म्हणाली, "घण उचल." रुक्माने उचलला आणि लग्न ठरलं.

आठ-नऊ वर्षं तो घण बिनबोभाट चालला. मग आदल्या भादव्यात हट्ट्याला कुऱ्हाड घडवताना घण घसरला आणि सांडशीवरच्या हातावर गेला. खेमा ओरडला नाही. खाली बसला आणि हात पोटाशी धरून तसाच राहिला. हाड बसवणाऱ्याने पाला बांधला, हात बरा झाला, बोटं मात्र तशीच राहिली. त्यावरून खेमाने तिला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं, असं तिला वाटे.

तेव्हापासून रुक्मा जपून मारू लागली. घण जास्त वर न्यायचा नाही, दांडा घणाच्या डोक्याजवळ आखूड धरायचा, मुठी आवळून ठेवायच्या, म्हणजे कुठल्याही क्षणी आवरता येईल. जोरात मारला म्हणून हात मोडला, आता जोरात मारायचा नाही, इतका साधा तिचा हिशेब होता.

विळ्या-खुरप्यांवर ते भागून गेलं. कुरुंद्याला फाळांचं काम निघालं तिथे अडलं. झिजलेल्या फाळाच्या टोकाला नवं लोखंड जोडायचं तर दोन्ही तुकडे पांढरे होऊन ठिणग्या टाकू लागेपर्यंत तापवावे लागतात, आणि बाहेर काढल्यावर ते लाल पडायच्या आत दणके बसावे लागतात. जपून मारलेल्या घणाने ते वरून जुळल्यासारखे दिसतात, आत जुळत नाहीत.

तिथले बडे शेतकरी तातेराव, त्यांचा फाळ दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्यांनी तो ऐरणीपुढे टाकला. जोड उघडून नवं टोक जिभेसारखं लोंबत होतं.

"खेम्या, काय गोंदानं चिकटवलं होतंस का?"

"न्हाई मालक. परत करून देतो."

"तू करशील रे. तुझ्या बायकोच्या घणात जीव न्हाई. ती लोखंडाला मारून राहिली का त्याची दृष्ट काढून राहिली, तेच कळंना."

विळे घ्यायला बसलेली माणसं हसली. खेमाने खाली बघत फाळ उचलला.

त्याच संध्याकाळी भाकरी थापताना भिकाबाईने विषय काढला. ती मनात काही ठेवणारी नव्हती.

"वसरामाचा निरोप आलाय सेनगावाहून," ती म्हणाली. वसराम तिचा भाऊ. "त्याची लेक नवऱ्यानं टाकलेली, घरी बसून हाय. दंडानं चांगली हाय. आवसेला घेऊन येतो म्हणला."

रुक्माने परातीतला हात काढला नाही. "कशापायी?"

"कशापायी म्हंजे? भट्टीला घण पायजे. तुला हाकलून द्यायचं कुणी म्हणलं न्हाई. तू भाकरी कर, संसार सांभाळ. ती घण मारंल."

"ते काय म्हणले?"

"त्यो काय म्हणंल. त्यो कधी काय म्हणला हाय?"

खेमा पलीकडे बैलांना कडबा टाकत होता. त्याने ऐकलं होतं हे रुक्माला त्याच्या पाठीवरून कळलं. त्याने दुसरी पेंढी सोडली.

सवत आली तर ती सांडशीच्या समोर उभी राहणार. खेमाच्या हातोडीची टकटक तिच्यासाठी होणार. रुक्माने ठरवलं, आता जीव लावून मारायचं. तिने ओठ दाबले, दंड फुगवले, मूठ अशी आवळली की तळहाताला फोड आले. आणि घण होता त्याहून मंद झाला. तिलाच तो आवाजावरून कळे. पूर्वी ठण्ण वाजे तिथे आता थप्प वाजे. जितका जोर लावावा तितका तो जोर दंडातच कुठे तरी अडकून बसे, घणापर्यंत पोचतच नसे. आणि घण वर गेला की ती दोन बोटं दिसत.

"जोर लाव, जोर," भिकाबाई भात्यापाशी बसून म्हणे.

"लावून राहिले की आत्या."

"दातात लावू नको. घणात लाव."

एका सकाळी खेमा कोळसा आणायला गेला असताना कुळवाची एक पास, म्हणजे खालचं आडवं पातं, सरळ करायची राहिली होती. भिकाबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "धर सांडशी. मी दाखविते."

रुक्माने जन्मात सांडशी धरली नव्हती. ती ऐरणीशेजारी उकिडवी बसली, पास धरली, आणि पहिल्यांदाच तिने घण खालून पाहिला. भिकाबाईच्या दंडाची नुसती कातडी लोंबत होती. हात चुकला तर रुक्माच्या बोटांचं पीठ झालं असतं. मागे सरावं असं वाटत असताना ती डोळे उघडे ठेवून बघत राहिली.

म्हातारी जोर लाव, जोर लाव म्हणत होती, पण स्वतः जोर लावतच नव्हती. घण खांद्यामागे लोंबत होता, आणि तो तिथे असतानाच म्हातारीची डावी टाच जमिनीत रुतली. मग कंबर वळली. कंबरेमागून खांदा आला, खांद्यामागून कोपर. हात छातीपर्यंत खाली आले तरी मनगटं मुडपलेलीच होती आणि घण अजून मागेच, आळसावल्यासारखा. मग हात मांडीपाशी येऊन जवळजवळ थांबले, आणि ते थांबले तसा घण त्यांच्या पुढे निघाला. इतका वेळ मागे राहिलेला घण शेवटच्या हातभर वाटेत असा सुटला की तो पडताना रुक्माला दिसलाच नाही. नुसता ठण्ण आवाज आला.

आणि सांडशीला काहीच झालं नाही. लोखंड जागचं हललं नाही, हाताला झिणझिणी आली नाही. घण पास दाबून सरळ ऐरणीत गेला होता.

तिसऱ्या-चौथ्या दणक्याला भिकाबाई दमली. तिने घण मध्येच आवरता घेतला, आणि तो अर्धवट, वाकडा आला. त्या एका मंद घावाला पास सांडशीतून उसळली आणि रुक्माच्या खांद्यापर्यंत कळ गेली.

"पुरं," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "बघितलं का जोर?"

रुक्मा उठली नाही. ती आपल्या झिणझिणणाऱ्या हाताकडे बघत होती. जपून मारलेल्या घावांनी खेमाच्या हातात रोज हेच होत असणार. तो मध्येच दात का आवळी ते तिला आत्ता कळलं. आणि हट्ट्याची ती वेळ तिला नीट आठवली. घण खाली येत असताना खेमाचा हात पुढे सरकलाय असं तिला वाटलं होतं आणि तिने तो मध्येच आवरला होता. जोरात मारलेला घण घसरला नव्हता. धरून ठेवलेला घसरला होता.

कळलं म्हणून हात लगेच वळले नाहीत. अवस जवळ येत होती. रुक्माने खेमाकडे नवा दांडा मागितला, "लांब करा, अन् धामणीचा." धामणीचं लाकूड लवतं पण मोडत नाही. खेमाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. आखूड धरणारी बायको लांब दांडा मागत होती. मग त्याने दांडा तासून दिला.

घण बसवण्याआधी ती नुसता दांडा घेऊन गाडीमागे उभी राहू लागली. हवेत फिरवला की तो सूं करे. मूठ आवळून फिरवला तर तो आवाज वर, कानाशीच येई आणि खाली येईपर्यंत मरून जाई. मूठ सैल ठेवून, आधी टाच, मग कंबर, असं फिरवला की वर काही ऐकू येत नसे आणि खाली गुडघ्यापाशी सपकन आवाज निघे. त्या आवाजाच्या मागे ती लागली. मग घण बसवून मऊ मातीत मारून पाहिला. आवळून मारलेल्या घावाचा खळगा उथळ पडे. सैल हाताने मारला की तोच घण, तेवढ्याच वजनाचा, दांड्यापर्यंत मातीत शिरे. पण मातीत खेमाचा हात नव्हता. ऐरणीपुढे उभी राहिली की मूठ आपोआप आवळे.

वसराम अवसेची वाट न बघता दोन दिवस आधीच आला. लेक बरोबर होती; उंच, रुंद खांद्यांची, नजर खाली. पाण्याला म्हणून ती आणि रुक्मा विहिरीवर गेल्या तेव्हा तिने घागर बुडवता बुडवता म्हटलं, "तुमी नीट मारा बाई. मला सवत म्हणून न्हाई राहायचं. बाप ऐकंना."

"मग तू मला सांगून काय होतंय?" रुक्मा म्हणाली. आणि जरा थांबून, "मारते."

दुसऱ्या सकाळी तातेराव तोच फाळ घेऊन आले. "ही शेवटची खेप," ते म्हणाले. "आज सांजपतोर मुरमाच्या पट्टीत चालवतो. जोड सुटला तर इथंच आणून टाकीन, अन् तुमी गाडी जुंपा. समद्या गावाचं काम दुसऱ्याला देऊ."

वसराम लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला. भिकाबाईने भाता धरला. लोखंड लाल झालं, पिवळं झालं. रुक्माच्या तळव्यांना घाम सुटला. तिने ते मातीला पुसले. खेमाने तिच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हटलं, "मी हात हलवत न्हाई. तू माझ्याकडं बघू नको."

वर्षभरात त्या विषयावर तो एवढंच बोलला.

लोखंडाने ठिणग्या टाकल्या. खेमाने ते ओढून ऐरणीवर ठेवलं, टक केलं. घण वर गेला. ती दोन ताठ बोटं दिसली आणि रुक्माची मूठ आवळली. तिला ती आवळताना कळली. पहिला घाव थप्प पडला. लोखंड उसळलं, खेमाचा जबडा घट्ट झाला. वसरामने लेकीकडे पाहिलं.

टक.

रुक्माने टाच रोवली. हात येऊ दिले आणि घण मागे राहू दिला. तो मागे राहिला तेवढा वेळ तिला फार लांब वाटला. आता आवरावा, आता आवरावा असं अंगातून येत होतं. तिने आवरला नाही. हात मांडीशी थांबले आणि घण निघून गेला.

ठण्ण. टक. ठण्ण. ठिणग्या तातेरावांच्या धोतरापर्यंत उडाल्या, ते मागे सरले. हातोडी पुढे सरकत गेली, घण तिच्यामागे पडत गेला. लोखंड लाल पडायच्या आत खेमाने हातोडी आडवी टाकली. दोन तुकड्यांमधली रेघ नाहीशी झाली होती.

"दिसायला तर बराबर दिसतोय," तातेराव म्हणाले. "मागंबी दिसत होता." आणि फाळ पाण्यातून निघाल्यावर घेऊन गेले.

मग दिवसभर कुणाचं कशात लक्ष नव्हतं. सगळे कुरुंद्याच्या वाटेकडे बघत होते. दुपारी एक गडी डोक्यावर काही तरी घेऊन येताना दिसला आणि रुक्माच्या हातातलं खुरपं खाली पडलं. तो सरपण घेऊन पुढे गेला. वसराम विडीवर विडी ओढत होता. त्याची लेक भात्यापाशी बसून विनाकारण तो हलवत होती. वाऱ्याने मुरमाच्या पट्टीकडून औताच्या हाका येत. त्या थांबल्या की रुक्माला वाटे, जोड सुटला. पुन्हा आल्या की ती श्वास सोडी.

ऊन उतरलं. हाका थांबल्या. बैल परतताना घुंगरं वाजली, आणि तातेरावांचं औत वाटेने आलं. पुढे बैल, मागे गडी, गड्याच्या मागे तातेराव. भट्टीपाशी त्यांनी पाऊल हळू केलं आणि तोंड रुक्माकडे न करता खेमाला म्हणाले, "उद्या दोन फाळ अजून पाठवतो. भावकीचे हायेत." ते पुढे निघून गेले.

वसराम उठला, धोतर झटकलं. "अक्का, आमी निघतो. चांदणं न्हाई, उजेडात नदी उतरून जातो."

"भाकरी खाऊन जा," भिकाबाई म्हणाली. "पोरीला काहून उपाशी नेतो?"

रुक्मा पीठ मळायला बसली. मळताना परात जागची सरकत होती आणि पाणी बाहेर सांडत होतं. खेमा आला, तिच्यासमोर बसला, आणि आपल्या त्या दोन ताठ बोटांच्या हाताने परात धरून राहिला.