मधात खाली ओढलेली जाळी

सन १९८६, मी चौतीस वर्षांचा होतो. भिलाईच्या प्लांटात क्रेनचे वायररोप ताणायचो, म्हणून टेनिसच्या मॅचची जाळी बांधायचं काम साहेबांनी मलेच दिलं. मधात, दोन खांबांच्या बरोबर मध्यावर, एका पट्ट्यानं ती खाली ओढलेली होती. झोल पडलेलं काम मले चालत नाही. पट्टा काढला अन् जाळी सरळ ताणली.

विलायतेत जिंकून आलेला एक खेळाडू त्या मॅचले येणार होता. त्याले पाहायला शेजारच्या चरोद्याहून लोक आले, भिंतीवर चढले. त्यांच्यासमोर साहेब ओरडले, "कोन्या गाढवानं पट्टा काढला?"

माझी मान खाली गेली.

खेळाडू म्हणाला, "रहने दीजिए साब, आज ऐसे ही खेलेंगे." अन् त्या उंच जाळीवरून खेळून जिंकला.

जाताना माझ्याजवळ थांबला. "भैया, कसी तो बढ़िया है. बस, बीच में थोड़ी नीची रहती है."

"ढिलं काम मी करत नाही," मी म्हटलं. तो हसला.

काल टीव्हीवर दिसला. खेळ कधीचाच सोडलेला, केस पांढरे. त्या मॅचच्या दिवशी मले वाटलं, माझी पुढची बोलणी टळली. आता समजते, हरला असता तर एवढ्या लोकांत नाव त्याचं गेलं असतं.

त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोणाले न सांगता गेलो अन् पट्टा परत बांधला.