साडूभाऊंचा भरदुपाऱ्या

राक्षस प्रत्यक्ष पाहिलेला पृथ्वीतलावर एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडला राहतात. पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड कमी आणि राक्षस जास्त रंगवतात. मी भोकरदनच्या एका शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे समोरच्याने काहीही सांगितले की 'सिद्ध करा' म्हणायची मला वाईट खोड आहे. पण साडूभाऊंसमोर मी आजवर हे दोन शब्द उच्चारू शकलेलो नाही, कारण ते खरोखरच सिद्ध करतात, आणि सिद्ध करताना बहुतेक वेळा माझाच वापर करतात.

साडूभाऊ एक चित्रकादंबरी काढतात. चौकटीचौकटींची, रंगीत, आठवी ते बारावीच्या पोरापोरींसाठी. त्यात झुंबर नावाची सोळा वर्षांची धनगराची मुलगी आहे, तिची एक शेळी आहे जी बोलते कमी आणि टोमणे जास्त मारते, आणि या दोघींच्या विरुद्ध उभा आहे भरदुपाऱ्या नावाचा महाभयंकर राक्षस. हा राक्षस माणसे खात नाही, सोने लुटत नाही. तो सावल्या चोरतो. लिंबाखालची सावली, बसस्टँडच्या पत्र्याखालची सावली, म्हाताऱ्याच्या टोपीची एवढीशी सावली, सगळे गुंडाळून पोत्यात भरतो आणि निघून जातो. आमच्या जालना जिल्ह्याचे मे महिन्यातले ऊन ज्याने डोक्यावर घेतले आहे त्याला कळेल, की यापेक्षा मोठे पाप कुणा राक्षसाला अजून सुचलेले नाही. पहिला भाग साडूभाऊंनी झेरॉक्स काढून वाटला, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत पटांगण ओलांडताना आपापली सावली जागेवर आहे ना हे बघून घेऊ लागल्या. पायथागोरसला मी इतकी वर्षे फळ्यावर नाचवतो आहे, त्याच्या वाट्याला असे भाग्य कधी आले नाही.

साडूभाऊंचा एकच नियम आहे. पाहिल्याशिवाय काढायचे नाही. "जे म्या पाह्यलं न्हाई, ते माझा हात काढत न्हाई," असे ते म्हणतात, आणि हे शोभेचे वाक्य नाही, याची साक्ष माझी कंबर देईल. राक्षसाचा एक सरदार कड्यावरून खाली पडतो, असा प्रसंग होता. कडा होता, सरदारही होता, पण पडणारा माणूस पाहिलेला नव्हता. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत सासुरवाडीच्या नात्याने पाहुणा म्हणून गेलो होतो. साडूभाऊंनी मला मळ्यातल्या भुशाच्या ढिगावर चढवले आणि खाली उडी मारायला लावली. एकदा नव्हे, अकरा वेळा. अकराव्या उडीला ते एकदम ओरडले, "बस्स! आलं, आलं! साडू, आता तुमच्या तोंडावर बराबर आलं!" मी कान-नाकातला भुसा झटकत विचारले, काय आले? म्हणाले, "पस्तावा."

त्या शेळीचेही तसेच. शेळी आश्चर्यचकित झालेली दाखवायची होती, म्हणून साडूभाऊंनी शेजाऱ्याची शेळी अर्धा दिवस अंगणात बांधून तिला जगातली नवले दाखवली. आरसा दाखवला, छत्री उघडून दाखवली, कुकरची शिट्टी ऐकवली. शेळी शांतपणे रवंथ करत राहिली. शेवटी मी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो, तेव्हा तिचे तोंड थांबले. दुसऱ्या भागाच्या चौथ्या पानावर ते चित्र आहे. माझी बायको ते पाहुण्यांना आवर्जून दाखवते.

मात्र खरा चमत्कार होता तो भरदुपाऱ्याचा. एवढा राक्षस साडूभाऊंनी पाहिला कुठे? तर लग्नात. त्यांचा लहानपणापासूनचा एक दोस्त होता, अंबडचा मंडपवाला. सहा फूट उंची, कानापर्यंत मिशा, आणि मनाने इतका मऊ की नवरीच्या पाठवणीला नवरीच्या बापाआधी हाच रडायचा. पण मंडपाच्या दोराला कुणी मोटारसायकल टेकवली, की या माणसाचे रूप पालटायचे. डोळे विस्फारायचे, मिशा उभ्या राहायच्या, आणि "कोनाची गाडी हाय रे ही!" ही आरोळी बँडच्या वर ऐकू यायची. साडूभाऊंनी ते रूप टिपण्यासाठी ओळखीपाळखी नसलेल्या लग्नांना हजेरी लावली. वही मांडीवर ठेवून ते दोराजवळ दबा धरून बसायचे. मला तर दाट संशय आहे, की काही मोटारसायकली त्यांनी स्वतःच नेऊन टेकवल्या होत्या.

पुस्तक हातात पडल्यावर मंडपवाले तणतणत आले, तेव्हा मी तिथेच होतो. "लेका, जिंदगीभर म्या लोकायला सावली देली, अन् तू मला सावलीचोर केलं? हिरो कामून न्हाई केलं?"

"हिरो पोरगी हाय. तुला मिशा हायेत," साडूभाऊ म्हणाले. "अन् सावली कशी येते ते ज्याला ठावं, तोच ती नेऊ शकतो. दुसऱ्या कोनाला जमतंय का ते?"

मंडपवाल्यांनी थोडा विचार केला आणि त्यांना ते बिलकुल पटले. पुढे तर त्यांना त्या राक्षसपणाचा इतका अभिमान वाटू लागला, की लग्नात पोरेटोरे मागे लागली की ते काम सोडून हात पसरून "कुठाय तुझी सावली?" असे गरजायचे आणि पोरे किंचाळत पळायची. गावात हेवा सुरू झाला. कोर्टातल्या एका वकिलांनी साडूभाऊंना गाठून राक्षसाच्या दरबारात प्रधानाची जागा रिकामी आहे का, अशी चौकशी केली. नायक व्हायला कुणीच आले नाही. माझ्या मते ज्याच्या पुस्तकात सज्जन माणसे राक्षस व्हायला रांग लावतात, तो कलावंत साधा नव्हे.

असे तेरा भाग झाले. चौदावा शेवटचा. त्यात झुंबर भरदुपाऱ्याला मारणार आणि सावल्या परत आणणार, हे पहिल्या भागापासून ठरलेले. आणि नेमके तेव्हाच मंडपवाले आजारी पडले. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासले आणि आता घरी न्या, असे सांगितले. याचा अर्थ सगळ्यांना कळला. साडूभाऊंनी रंगांची पेटी बंद करून माळ्यावर टाकली.

महिना गेला तरी पेटी खाली येईना, म्हणून मेहुणीने मला बोलावून घेतले. मी गेलो त्याच दिवशी मंडपवाल्यांचाही मला निरोप आला, की तुमच्या साडूला घेऊन या. आम्ही दोघे गेलो. एवढा देह खाटेवर अर्धाच राहिला होता. मिशा मात्र होत्या तशाच होत्या. उशाशी तेरा भागांची चळत.

"हे समदं वाचून झालं," मंडपवाले म्हणाले. "म्होरं काय व्हतंय माझं?"

साडूभाऊ उशाची चळत उगाच नीट लावू लागले.

"झुंबर मला मारती ना? मंग काढ की जल्दी. मला बघायचंय. असं अर्ध्यावर सोडून जाऊ का मी?"

"तुला ठावं हाय माझा नेम," साडूभाऊ कसेबसे म्हणाले. "पाह्यलं न्हाई ते मला काढता येत न्हाई."

"मंग काय, ते पाह्याची वाट बघून राह्यला का?"

मी गणिताचा मास्तर. पण दोन्ही बाजूंनी न सुटणारे असे गणित मी तोवर पाहिले नव्हते. एकाला आपला शेवट डोळ्यांनी बघून जायचे होते, आणि दुसऱ्याला तो बघितल्याशिवाय काढता येत नव्हता. येताना रस्ताभर साडूभाऊ डोळे पुसत होते आणि उन्हाला शिव्या देत होते.

घरी आल्यावर त्यांनी पेटी खाली काढली. आठ दिवस ते जेवायलासुद्धा नीट उठले नाहीत. मी रजा वाढवली, कारण मला तिथून हलवत नव्हते. आठव्या दिवशी त्यांनी पाने दाखवली आणि मी उभा होतो तो खाली बसलो. भरदुपाऱ्या मरत नाही. झुंबर त्याला पकडते, शेळी त्याला टोमणे मारून मारून अर्धमेला करते, आणि शिक्षा अशी ठरते की चोरलेली प्रत्येक सावली त्याने परत करायची. मग तो राक्षस पोत्यांतून सावल्या काढतो, एकीला एक जोडतो आणि भोकरदनपासून तीर्थपुरीपर्यंत अख्ख्या मुलखावर मंडप घालतो. शेवटचे चित्र दोन पानांवर पसरलेले. खाली माणसे, गुरे, एसटी, सगळे गारव्यात; आणि एका टोकाला मिशीवाला राक्षस दोर ओढून धरून उभा. मी आयुष्यात फार थोड्या वेळा हात जोडले आहेत. तेव्हा जोडले.

पाने घेऊन आम्ही मंडपवाल्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा मागवला. एकेक पान उलटले. शेळीच्या टोमण्यांना हसले. शेवटच्या दोन पानांवर आले आणि चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला. मला वाटले आता हा माणूस रडणार. मिशा थरथरल्या, डोळे विस्फारले आणि ती जुनी आरोळी उठली, "हा दोर कोनं बांधला रे असा!"

साडूभाऊ गडबडले.

"कोपऱ्याचा खांब उभा सरळ, अन् दोर आतून? अरे, पयल्या वाऱ्याला बसंन हा! खुंटी बाहीर पाह्यजे, दोर ताणून पाह्यजे. अन् ही गाठ हाय का? ही तर बुटाची लेस! मला मार पाह्यजे तर, पन माझ्या हातानं असला मंडप उभा करू नको!"

साडूभाऊंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर त्यांनी शेकडो मंडप पाहिले होते, दोराजवळ बसून पाहिले होते. पण त्यांचे सारे लक्ष दोस्ताच्या तोंडाकडे असायचे. गाठ त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. मंडपवाल्यांनी दोर मागवला. मुलाने पाठीला उशा दिल्या. मग खाटेच्या पायाला त्यांनी गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "हे बघ. आता बराबर बघ." साडूभाऊ मांडी घालून जमिनीवर बसले आणि वहीत काढत गेले. एका तासात त्यांनी त्या हातांची बारा चित्रे काढली. नवे पान तयार झाले, तेव्हा मंडपवाल्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आता वादळ येऊ दे."

त्यानंतर ते तीन आठवडे जगले आणि एका सकाळी गेले. मुलांनी दारात मंडप घातला होता. माणसे जमली होती, रडारड चालली होती, आणि साडूभाऊ एकटेच मंडपाच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन एकेक दोर ओढून बघत होते. चौथ्या कोपऱ्यावर ते तसेच दोर धरून उभे राहिले. मीच जाऊन त्यांना हाताला धरून आणले.

आता चौदा भागांचे एकच पुस्तक झाले आहे आणि आमच्या शाळेच्या कपाटात ते कधी सापडत नाही, कायम कुणाच्या तरी दप्तरात असते. गेल्या महिन्यात मी साडूभाऊंना शाळेत बोलावले. प्रश्न विचारायला सांगितल्यावर नववीतली एक मुलगी उठली. तिने विचारले, "सर, तुम्ही म्हणता पाहिलेलंच काढता. मग भरदुपाऱ्या शेवटी मेला की नाही मेला?"

साडूभाऊ म्हणाले, "त्याला मरताना म्या पाह्यलं न्हाई, बाई."

मुलगी समाधानाने खाली बसली. मी खिडकीकडे तोंड केले. कारण त्या सकाळी मी खोलीच्या दारात उभा होतो आणि मंडपवाल्यांचा हात शेवटपर्यंत साडूभाऊंच्या दोन्ही हातांत होता. माझे साडूभाऊ जन्मात एकदाच खोटे बोलले आहेत, आणि तेवढे एक मी त्यांना सिद्ध करायला सांगणार नाही.